डावीकडचा समास

नोर्विक,
गुरुवार, ६ जुलै २०२३

प्रिय हानुस,

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते. माझी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरातल्या माणसांसारखे झालेत, कुरकुरले नाहीत तरच काळजी वाटते. रुबार्ब यंदा भरपूर आलाय आणि जॅमला बाटल्या पुरत नाहीत. मेंढ्या अजून वर डोंगरातच आहेत. धुकं हटलं की माणसं लोकर कातरायला जातील म्हणे.

तुझ्या दारापासून माझं दार चारशे पावलांवर आहे. एवढ्यासाठी पत्र लिहिणारी बाई म्हणजे कमाल, असं तू म्हणशील. म्हण. तीस वर्षांत आपण एकमेकांना मान हलवण्यापलीकडे काही दिलेलं नाही. कामगारांच्या सभेत हजार माणसांपुढे बोलताना माझा आवाज कधी कापला नाही, तुझ्या दारात कापला असता.

पत्र रान्वाच्या हाती दिलंय. तिने ते वाचलेलं नाही. पानाच्या डावीकडे एवढा मोठा समास का सोडलाय, ते शेवटी सांगते.

मंगळवारी संध्याकाळी माझी नात रान्वा होडीघरातून घरी आली ती काखेत गादी घेऊन. वल्हं मारताना बसायची तिची निळी गादी. मी चहा ओतत होते.

"हे काय?"

"खिळ्यावर होती."

हानुस, त्या खिळ्याचा मला जन्मभर राग आहे. आपल्या गावात ज्याला होडीतून उतरवायचं त्याला कुणी तसं सांगत नाही. तो सरावाला येतो आणि त्याची गादी होडीघराच्या दारामागच्या खिळ्यावर टांगलेली असते. तो ती काढून घेतो आणि घरी जातो. विचारायचं नाही, सांगायचं नाही. ही पद्धत तू सुरू केलेली नाहीस हे मान्य, पण गेली पस्तीस वर्षं टांगणारा हात तुझा आहे. माणसाला एक वाक्य मिळण्याचा हक्क असतो, असं मी तेव्हाही म्हणत होते.

"मामाआजोबा काही म्हणाले?" मी विचारलं.

"खिळ्याला तोंड असतं का, आजी?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"गादी काढून घेतली. आणि हे बघ, भाषण करू नकोस."

"मी कुठे भाषण करतेय?"

"आत्ता श्वास घेतलास ना, तसा तू भाषणाआधी घेतेस."

काल सकाळी बेइन्ता आली. ती होडीत सर्वांत पुढे बसते, तिच्या ठोक्यावर बाकीच्या पाच जणी ओढतात. कामावर जायच्या आधी दारातच उभी राहिली, हातात एक कॉड मासा, म्हणजे काहीतरी मागायचं होतं. म्हणाली, "तू त्याला लिही. आमच्याने होणार नाही." मी म्हटलं, तीस वर्षं तो माझ्याशी बोलत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच. तुला गमवायला काही नाही."

ओलावसोकाच्या सणाची शर्यत तीन आठवड्यांवर आली आहे. त्या दिवशी राजधानीच्या बंदरात आपल्या 'सूलान' होडीचं सुकाणू कुणाच्या हातात असावं, याबद्दल हे पत्र आहे. पण तिथवर मला सरळ जाता येत नाही.

तुझ्याबद्दल मला काय माहीत आहे ते आधी लिहिते. बँकेची आपल्या गावातली शाखा दोन खोल्यांची होती आणि तू अठ्ठावीस वर्षं तिचा मॅनेजर होतास. चार वाजता कुलूप, सव्वाचारला होडीघर, टाय कोटाच्या खिशात. काउंटरसमोर कुणाचा पोरगा उभा राहिला की तू आधी त्याचे खांदे बघायचास आणि मग त्याचा कागद. दोनदा तुला राजधानीतल्या मोठ्या शाखेत बोलावलं. तुझी बायको, मालान सांगायची, तू एवढंच म्हणालास, "तिथे होडी कुणाची असेल?" आणि विषय संपला. तुझ्या तिन्ही मुली एकाच बाबागाडीत धक्क्यावर वाढल्या. दोघी आत बसून आणि तिसरी गाडीला लटकून.

मालानच्या आजारपणाची सहा वर्षं मी खिडकीतून पाहिली आहेत. तू तिची चाकाची खुर्ची धक्क्यावर आणायचास, ब्रेक लावायचास, पायांवर घोंगडी. सराव संपला की पाण्यातूनच विचारायचास, "कशी गेली?" आणि ती म्हणायची, "तू फार ओरडतोस." रोज तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर, आणि सगळं गाव हसायचं. तुझी हिरवी गादी तिनेच शिवली होती. ती गेली तेव्हा मी देवळात शेवटच्या बाकाशी उभी होते आणि तुझा हात हातात न घेता घरी आले.

आता एप्रिल १९९३.

आपला मासळीचा कारखाना बंद झाला. बँकेने हात काढून घेतला होता आणि त्या कागदावर तुझी सही होती. रविवारी मी तुझ्या स्वयंपाकघरात आले. मालान कॉफी करत होती. तू टेबलाकडे बघत म्हणालास, "मी सही केली नसती तर मला काढून दुसऱ्याला बसवलं असतं, सुन्नेवा. आणि त्या दुसऱ्याला कुठल्या घरात कोण आहे हेही ठाऊक नसतं. वसुलीसाठी कुणाचं दार वाजवायला किती थांबायचं, ते मला ठाऊक आहे."

गुरुवारी मी कारखान्याच्या पायरीवर उभी राहिले आणि म्हटलं, "माझा भाऊ म्हणतो, सही केली नसती तर मला काढलं असतं. मैत्रिणींनो, इथे नव्वद जणींना काढलंय, आणि त्यांनी कशावरही सही केली नव्हती."

ते वाक्य वर्तमानपत्रात आलं. अजूनही कामगारांच्या सभांत लोक मला ते म्हणून दाखवतात. त्या वसंतात चार पुरुषांनी होडीतल्या आपल्या गाद्या आपण होऊन उचलून नेल्या आणि 'सूलान' सबंध उन्हाळा होडीघरात पालथी पडून राहिली. मालानला दुकानात कुणी नमस्कार करेना, तेव्हा ती पावासाठी शेजारच्या गावात जाऊ लागली. आणि तू त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग कुणालाही सांगितला नाहीस. एकदा सांगितला असतास तर माझं भाषण तिथेच पडलं असतं. पण स्वयंपाकघरातलं बोलणं रस्त्यावर आणायचं नाही, हा तुझा नियम. तो मी मोडला होता.

नीट ऐक. बँकेबद्दल मी त्या पायरीवर जे बोलले त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. ज्या माणसांनी ते बंद दारांमागच्या खोल्यांत ठरवलं, त्यांच्याविरुद्ध मी आजही गुडघे सांभाळत त्याच पायरीवर चढेन. पण तुझं वाक्य मी अर्ध्यात तोडलं. तेवढं मागे घेते. तोडलेल्या वाक्यावर मिळालेल्या टाळ्या तीस वर्षं माझ्याकडे आहेत आणि त्यांचं काय करायचं मला कळत नाही.

मी ते का तोडलं, ते इथे लिहू शकत नाही. ते आधी दुसऱ्या एका माणसाला सांगायला हवं. एवढंच लिहिते, की त्याच्या तीन दिवस आधी माझ्या पोराची, तुम्मासची गादी खिळ्यावर टांगली गेली होती.

आता समास.

दोन वर्षांपूर्वी तू मला मान हलवणं बंद केलंस. मला वाटलं, मालान गेल्यावर तेवढंही तुला नकोसं झालं. वर्षभर मी त्या रागावर जगले. मग एकदा दुकानात तू हलवलीस, दुसऱ्या दिवशी धक्क्यावर नाही, मग देवळात पुन्हा हलवलीस. मी हिशेब ठेवू लागले, मला ती सवय आहे. मी तुझ्या उजव्या बाजूला असले की तू मान हलवतोस. डाव्या बाजूला असले की मी नसतेच.

देवळात प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या वेळी तू कपाच्या डावीकडे कॉफी ओतलीस आणि पाद्रीबुवांनी निमूटपणे टेबल पुसलं. आणि जूनमधल्या शर्यतीत 'सूलान' डावीकडच्या होडीच्या पट्ट्यात घुसली, वल्ह्यांवर वल्ही आपटली. तू म्हणालास, डाव्या बाजूची ओढ कमी पडली. सहाही जणी गप्प बसल्या. ओढ कमी पडली नव्हती, हानुस. होडी तू नेलीस डावीकडे, कारण डावीकडे तुला कुणी दिसत नव्हतं. डाव्या बाजूला मधे रान्वा बसते, म्हणून तिची गादी टांगली गेली.

तुला हे कुणी सांगत नाही, कारण त्या प्रत्येकीच्या हातात वल्हं तू दिलंस. ज्याने सगळ्यांच्या गाद्या टांगल्या त्याची गादी कोण टांगणार, अशी आपल्या गावाची अडचण आहे. तुझ्या प्रेमापोटी ते सहा पोरींना शेजारच्या होडीवर आदळू देतील, पण बोलणार नाहीत. याला माया म्हणतात, मी याला भित्रेपणा म्हणते.

तू म्हणशील, सुन्नेवाच्या घरातली गादी टांगली की सुन्नेवाला सत्य सुचतं. दोन दिवस मी स्वतःला हेच विचारतेय आणि 'नाही' असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. म्हणून रान्वाला परत घे असं मी म्हणत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मग ज्याला दिसतं त्याला तिची ओढ बघू दे, आणि ती कमी असेल तर गादी खिळ्यावर राहू दे.

हे मी कुठल्याही पायरीवरून बोलणार नाही. एका पानावर लिहून तुझ्याकडे पाठवतेय. समास मोठा सोडलाय, म्हणजे एकही वाक्य तुला अर्धं मिळू नये.

तुझी बहीण (हा शब्द लिहून तीस वर्षं झाली),
सुन्नेवा


नोर्विक,
रविवार, ३० जुलै २०२३

प्रिय तुम्मास,

तुझं कार्ड मिळालं. एस्बियर्गमध्ये एवढं ऊन पडतं यावर माझा विश्वास नाही, पण फोटोत दिसतंय तर असेल. नवी सून म्हणजे तुझी मेटे, तिला माझा नमस्कार सांग. ती फोनवर फार भरभर बोलते, पण बोलते ते चांगलं बोलते. वाळवलेल्या मटणाचं पार्सल बुधवारी बोटीने येईल. शेजाऱ्यांना वास आला तर खिडकी उघड, फेकू नकोस.

तुझी लेक बरी आहे. तिच्या तळहातांना फोड आलेत आणि त्याचा तिला अभिमान आहे. तिने तुला फोनवर सगळं सांगितलंच असेल. मी सांगणार आहे ते तिला माहीत नाही.

मी तुझ्या हानुसमामाला पत्र लिहिलं होतं. डाव्या डोळ्याने त्याला दिसत नाही, हे सांगायला. चार दिवस काहीच उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी बेइन्ता धापा टाकत आली. होडीघराच्या खिळ्यावर हिरवी गादी होती. मालानने शिवलेली. त्याने स्वतःच टांगली होती. पाचही जणी गादीकडे बघत उभ्या राहिल्या आणि काढून घ्यायला कुणीच येईना, कारण ज्याची होती तो आधीच चालता झाला होता.

चालत तो इकडेच येत होता. माझ्या दाराशी, चारशे पावलं.

"पोरीची गादी कुठे आहे?" तो म्हणाला.

"आत ये."

"होडी पाण्यात आहे, वेळ नाही." मग दाराच्या चौकटीला म्हणाल्यासारखं म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊन आलो. डावा संपलाय. उजव्याच्या कोपऱ्यातही धुकं आहे म्हणाली."

रान्वा जिन्यावर उभी होती. त्याने तिच्याकडे मान वळवली, पूर्ण वळवली, उजव्या डोळ्यात ती यावी म्हणून. "चूक माझी होती. तुझी ओढ कमी नव्हती. आणि तुला उतरवलं तेही मी खिळ्याला सांगायला लावलं, तोंडाने सांगायला हवं होतं."

तुम्मास, मी त्या माणसाच्या तोंडून जन्मात असं वाक्य ऐकलं नव्हतं. रान्वा म्हणाली, "ठीक आहे, मामाआजोबा," आणि गादी घेऊन खाली आली, जशी काही छत्री आणायला गेली होती. सुकाणूवर आता शाळेतली मार्यून बसते. तिला ओरडता येत नाही, म्हणून तो धक्क्यावर उभा राहून तिच्या वतीने ओरडतो.

परवा, शुक्रवारी, आम्ही सगळे राजधानीला गेलो. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीतून तो माझ्याकडे आला, हातात दोन कप कॉफी. एक मला दिला आणि मला दंडाला धरून आपल्या डाव्या अंगाला उभी केली.

"इथे थांब आणि मला सांग. भाषण नको. काय आहे तेवढंच."

मी सांगितलं. सहा होड्या. आपली डावीकडून दुसरी. सुरुवात बरी झाली. पलीकडची लाल होडी पुढे गेली. आता निम्म्या होडीने पुढे. मार्यून सरळ नेतेय. तो मान हलवत ऐकत होता, मधूनच "वाऱ्याला अंग देऊ नका" असं पुटपुटत होता, जणू त्यांना ऐकू जाईल. मग त्याने विचारलं,

"रान्वा कशी ओढतेय?"

मी पाहिलं. पाहायला वेळ लागला नाही. बेइन्ताचं वल्हं पाण्यात गेलं की चार वल्ही तिच्याबरोबर जात होती, आणि डाव्या बाजूचं मधलं एक, त्यांच्या मागून.

त्या क्षणी माझ्या मनात काय काय आलं, ते तुला सांगते. मी म्हणू शकले असते, छान ओढतेय. त्याला दिसत नव्हतं. त्याला कधीच कळलं नसतं. रान्वाची जागा पक्की झाली असती आणि कुणी दुखावलं नसतं.

"उशिरा," मी म्हटलं.

"किती?"

"अर्धा ठोका. बापासारखी."

सगळा धक्का ओरडत होता आणि तो कॉफीच्या कपात बघत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता.

"तीस वर्षं लागली तुला हे दिसायला."

"दिसलं तेव्हाच होतं," मी म्हटलं. "सांगायला लागली."

बाळा, आता ते तुला सांगते.

एप्रिल १९९३ मध्ये मी सलग तीन संध्याकाळी धक्क्यावर उभी राहून तुझा सराव पाहिला. तू एकोणीस वर्षांचा होतास. तुझे हात ताकदीचे होते आणि तुझं वल्हं प्रत्येक ठोक्याला मागून पडत होतं. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यालाही ते दिसलं. माझ्याकडे बघून त्याने पाईप पेटवला. चौथ्या दिवशी तुझी गादी खिळ्यावर होती. तू घरी आलास आणि टेबलाशी बसून मला विचारलंस, "आई, मी खरंच वाईट ओढतो का?"

मी म्हटलं, "नाही. मी बँकेविरुद्ध बोलते म्हणून तो तुझ्यावर सूड उगवतोय."

मला तो दुष्ट हवा होता. तुझ्यासाठी हवा होता, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी जास्त. तीन दिवसांनी मी कारखान्याच्या पायरीवर चढले तेव्हा मला नव्वद बायकांचा राग होता, तो खरा होता, आणि त्याच्या आत तुझ्या गादीचा राग होता. कुठला कुणाला ढकलत होता, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून त्याचं वाक्य अर्ध्यात तोडलं. पूर्ण सांगितलं असतं तर तो माणूस झाला असता, आणि मला त्या पायरीवर माणूस परवडत नव्हता.

तू त्याच शरद ऋतूत निघून गेलास. त्याच्या एकाही मुलीच्या लग्नाला आला नाहीस. मालानमामी तुला लहानपणी पॅनकेक करून घालायची, तिच्या अंत्यविधीला आला नाहीस. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, तुझं बरोबर आहे. ते बरोबर नव्हतं. तुझ्या मामाने तुझ्यावर कुठलाही सूड उगवला नव्हता. त्याने एका होडीसाठी सहा माणसं निवडली, आणि तू उशिरा ओढत होतास. बस. एवढीच गोष्ट होती, आणि मी तिच्यावर तुझं सगळं घर उभं केलं.

होडी चौथी आली. रान्वा पाण्यातून वर आली, ओली, लाल झालेली. हानुसने तिला घोंगडी दिली आणि सांगितलं, "अर्धा ठोका उशिरा ओढतेस."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आजी एवढ्या मोठ्याने सांगत होती की तिसऱ्या पट्ट्यातल्या होडीलाही कळलं असेल."

"हिवाळ्यात दुरुस्त करू," तो म्हणाला. "तुझ्या बापालाही करता आलं असतं. मी थांबलो नाही."

हे त्याचं वाक्य आहे, तुम्मास. पूर्ण लिहिलंय. पुढे काहीही कापलेलं नाही.

परतीच्या बोटीत तो माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "त्याला लिहिलंस का?" मी म्हटलं, रविवारी लिहीन. तो म्हणाला, "लिही. आणि सांग, ऑक्टोबरात डोंगरावरून मेंढ्या उतरवायला माणसं कमी आहेत. मला डावीकडच्या दिसत नाहीत."

तुला यायचंच असेल तर ये. माझ्यावर रागावून ये. त्याला आवडेल आणि मला चालेल. यायचं नसेल तर तेही लिहून पाठव, कार्डावर नको, पत्रात लिही, आणि अर्धं नको.

उशिरा का होईना,
तुझी आई